स्वार नसलेला घोडा

मराठी साहित्यात घोड्यांची उणीव नाही. बखरी, पोवाडे, ऐतिहासिक कादंबऱ्या आणि शाळेतली नाटुकली यांतून ते सतत दौडत असतात. पण थोडे थांबून पाहिले म्हणजे ध्यानी येते की यांतला एखादाच घोडा एकटा सापडेल. प्रत्येकाच्या पाठीवर कोणीतरी बसलेले आहे आणि लेखकाचे सारे लक्ष त्या बसलेल्याकडे आहे. घोडा फेसाळतो, खिंकाळतो, धन्यासाठी प्राण सोडतो. याखेरीज त्याला स्वतःचे काही सुखदुःख असावे असे आमच्या लेखकांच्या मनात फारसे येत नाही. कथेतल्या अशा घोड्यासाठी मराठीत एक नेमका शब्द तयारच आहे : खोगीरभरती.

याला एक थोर अपवाद साहित्यात नसून वारीत आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर ध्वजधारी स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ मोकळी असते. त्या मोकळ्या पाठीवर प्रत्यक्ष माउली बसतात, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे; म्हणून त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. लक्षावधी माणसे एका प्राण्यासाठी रिंगण मोकळे सोडून उभी राहतात, हे दृश्य कोणत्याही धर्माच्या माणसाला नम्र करील असे आहे. तरीही पाहा, स्वार दिसत नसला तरी स्वार आहेच. पवित्र शास्त्रात ईयोबाच्या ग्रंथात लढाऊ घोड्याचे मोठे बहारदार वर्णन येते. पण त्याच अध्यायात, त्याच्या आधी, हाकणाऱ्याची आरोळी न जुमानणाऱ्या रानगाढवाचेही कौतुक परमेश्वर करतो. माणसाच्या उपयोगी न पडणाऱ्या जनावराचे कौतुक! आमच्या बालवाङ्मयात ही दृष्टी अजून उतरलेली नाही.

ती न उतरल्याने काय होते, याचे उदाहरण आमच्या पिशोरच्या शिवारात दिसते. राजा बढे यांचे महाराष्ट्रगीत २०२३ साली राज्यगीत झाले आणि शाळाशाळांतून म्हटले जाऊ लागले. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. मुले तो शब्द खड्या आवाजात म्हणतात. पण तट्टू म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुतळ्यातला उंच, पाय उचललेला घोडा उभा राहतो. आणि सुगी आटोपल्यावर शेतात मेंढ्या बसवायला धनगरांचा वाडा उतरतो, तेव्हा पाठीवर बिऱ्हाड, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, प्रसंगी एखादे मूलही घेऊन जे बुटके, काटक जनावर येते, त्याच्याकडे तीच मुले ढुंकून पाहत नाहीत. वस्तुतः गीतातले तट्टू ते हेच, किंवा याच कुळातले. १८१८ साली पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, आणि या जातीचे राजाश्रयाचे दिवस संपले. पुढे ती नामशेष झाली असेच पुष्कळांनी गृहीत धरले. धनगरांनी मात्र ती राखली. अलीकडे भीमथडीला देशातील नोंदणीकृत जातींत स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. पण सरकारी नोंदीने जनावर मुलांच्या मनात शिरत नाही. ते काम पुस्तकाचे.

असे काम पुस्तकाने करून दाखवल्याची दोन उदाहरणे इंग्रजीत आहेत. अॅना स्यूएल या आजारी, चालण्यास असमर्थ अशा बाईंनी १८७७ साली ‘ब्लॅक ब्यूटी’ लिहिली. घोडा स्वतःच आपली जीवनकथा सांगतो अशी तिची रचना. डौलासाठी घोड्याची मान ताणून बांधणाऱ्या लगामाविरुद्ध त्या पुस्तकाने इंग्रज वाचकाचे मन वळवले. दुसरे पुस्तक मार्गरेट हेन्री यांचे ‘मस्टँग’, १९६६ सालचे. नेवाडातील व्हेल्मा जॉन्स्टन यांची ही कथा. लहानपणी पोलिओने गाठलेली ही स्त्री कचेरीत नोकरी करीत असे. १९५० साली रानघोडे भरून कत्तलखान्याकडे निघालेल्या ट्रकमधून रक्त ठिबकताना तिने पाहिले आणि तेथून तिचा लढा सुरू झाला. विरोधकांनी कुचेष्टेने ठेवलेले ‘वाइल्ड हॉर्स अॅनी’ हे नाव तिने बिरुदासारखे मिरवले.

दोहोंत प्रस्तुत लेखकाला ‘मस्टँग’ अधिक मोलाचे वाटते. ‘ब्लॅक ब्यूटी’ वाचून मूल रडते. त्यात दया आहे, आणि दया काही थोडी नाही. पण दयेचा विषय नेहमी बांधलेला प्राणी असतो. ‘मस्टँग’मध्ये मूल शिकते ते निराळेच : पत्र कसे लिहावे, साक्ष कशी द्यावी, कायदा कोण करतो. हेन्रीबाईंनी सभा आणि कागदपत्रे यांसारखा रुक्ष ऐवज बालवाचकाला रुचेल असा केला, ही त्यांची खरी कमाई. १९५९ साली विमाने व मोटारी यांनी रानघोडे पकडण्यास बंदी झाली. १९७१ साली संरक्षणाचा व्यापक कायदा आला, तोही एकाही विरोधी मताविना. त्यामागे शाळकरी मुलांच्या पत्रांचा केवढा तरी ढीग होता.

दोष आहे तो असा की या कथेत एका बाजूला निष्पाप घोडे आणि दुसऱ्या बाजूला दुष्ट माणसे, अशी फार सोपी विभागणी पडते. मस्टँग मुळात स्पॅनिश लोकांनी आणलेल्या घोड्यांचे मोकाट वंशज. आणि गुरे चारणाऱ्याची अडचण खोटी नव्हती. कायद्यानंतर कळप वाढले. २०२४ साली तेथील सरकारच्या अंदाजाने सुमारे ७३ हजार घोडे व गाढवे मोकळी होती. जमिनीला झेपेल असा सरकारचा आकडा मात्र पंचवीस-सव्वीस हजारांचाच. पकडून आवारात पोसली जाणारी साठ हजारांहून अधिक ती वेगळीच. प्रेम शिकवणाऱ्या पुस्तकाने गवताचा हिशेबही शिकवायला हवा होता.

म्हणून कोणी उद्या मराठीत ‘मस्टँग’चे सही-सही रूपांतर करील तर ते फसेल. आमच्याकडे रानघोडा नाही. भारतात मोकळे कळप पाहायचे तर आसामात डिब्रू-सैखोवाला जावे लागते, आणि तेही दुसऱ्या महायुद्धात मागे राहिलेल्या घोड्यांचे वंशज. आमचे तट्टू रात्री पायबंद घालून चरायला सोडतात. त्याच्यावरचे संकट दोरखंड घेऊन येणाऱ्या शिकाऱ्याचे नाही. गायराने आटली आणि वाड्याचे सामान टेम्पोत चढू लागले, हे आहे. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे कौतुक होते, पण ते देवमण, पंचकल्याण पाहून, किमतीच्या भाषेत. ओझ्याच्या तट्टाला त्या कौतुकात वाटा नाही.

हे पुस्तक लिहिणाऱ्याला आधी भाषा गोळा करावी लागेल. शिंगरू, खरारा, तोबरा, आगाडी-पिछाडी, दुडकी : हे शब्द एका पिढीपूर्वी बाजारात ऐकू येत. आज मुले शिंगराला ‘घोड्याचे पिल्लू’ म्हणतात आणि पाठ्यपुस्तकाच्या शेवटी अर्थ पाहतात. हे शब्द ज्यांच्या तोंडी अजून जिवंत आहेत, ती माणसे सुगीनंतर आठ-पंधरा दिवस शिवारात मुक्कामाला असतात. त्यांची मुले त्या दिवसांत शाळेच्या कुंपणाबाहेर तट्टे राखत बसलेली असतात, आणि आतून राज्यगीत ऐकू येत असते.