साबणाचे फुगे : जुने भिंग आणि नवे भिंग

अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदऱ्याला थंडीतल्या सकाळी जलाशयाच्या काठी उभे राहिले, की गवतावरचे दव आणि पाण्यावरची उन्हाची चमचम एकदमच दिसते. जवळचे एखादे पाते स्पष्ट ठेवून छायाचित्र घेतले, तर मागचा प्रत्येक प्रकाशबिंदू पसरून गोल चकती होतो. बहुतेक भिंगांत ही चकती सर्वत्र साधारण सारख्या उजेडाची असते. काही भिंगांत मात्र तिची कड तेजस्वी आणि मध्य फिका दिसतो. जणू पात्यामागे साबणाचे फुगे तरंगत आहेत. या फुग्यांसाठी प्रसिद्ध असलेले एक जुने भिंग आणि त्यावरून बेतलेले एक नवे भिंग आम्ही याच काठावर आलटूनपालटून वापरून पाहिले.

जुने भिंग म्हणजे पूर्व जर्मनीतील गोर्लिट्झच्या मायर-ऑप्टिकचे १९५०च्या दशकातले ट्रायोप्लान. नाभीय अंतर १०० मिलिमीटर, छिद्रांक २.८. त्याची रचना एच. डेनिस टेलर यांनी १८९३ साली इंग्लंडमध्ये शोधलेल्या त्रिभिंगाची : दोन बहिर्गोल भिंगे आणि त्यांच्यामध्ये एक अंतर्गोल. नवे भिंग चिनी टीटीआर्टिझनचे. नाभीय अंतर तेच, छिद्रांक तोच, काचाही तीनच. (मायर-ऑप्टिकच्या नावानेही २०१५ साली लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून नवे ट्रायोप्लान काढण्यात आले, ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नाव दुसऱ्या जर्मन कंपनीकडे गेले.)

फुगा होतो कसा? भिंगाच्या कडेतून जाणारे किरण आणि मध्यातून जाणारे किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत, यालाच आपण गोलीय विपथन म्हणतो. साध्या बहिर्गोल भिंगात कडेचे किरण अलीकडेच एकत्र येतात. त्रिभिंगातले अंतर्गोल भिंग ही चूक दुरुस्त करते. ट्रायोप्लानमध्ये ही दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली आहे, त्यामुळे कडेचे किरण थोडे पलीकडे मिळतात. मागच्या प्रकाशबिंदूची प्रतिमा फिल्मच्या अलीकडे तयार होते. तेथून किरण पुन्हा पसरतात, पण उशिरा मिळालेले कडेचे किरण मागे राहतात आणि चकतीच्या परिघाशी दाटी करतात. हीच ती तेजस्वी कड. पुढच्या, म्हणजे पात्याच्याही अलीकडच्या दवबिंदूंचे याच्या उलट होते : मध्य उजळ, कड विरलेली. दोन्ही भिंगांत आम्हाला हेच दिसले. फुगे फक्त मागेच येतात.

आता जाहिरातीतल्या दाव्यांकडे वळू. जुन्या भिंगाच्या छिद्राला १५ पाकळ्या आहेत, नव्याच्या १३, आणि हे आकडे मोठ्या कौतुकाने सांगितले जातात. पण फुगे उठून दिसतात ते छिद्र पूर्ण उघडे असताना, आणि तेव्हा पाकळ्या वाटेत येतच नाहीत. छिद्र लहान केले की पाकळ्यांचा आकार चकतीत उतरतो खरा. पण तेच करताना कडेचे किरण अडवले जातात आणि फुगाच नाहीसा होतो. फुग्याच्या आकाराचेही गूढ नाही. पूर्ण उघड्या छिद्राचा व्यास १०० भागिले २.८, म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर. पाते १.१ मीटरवर असेल, तर दूरच्या बिंदूची चकती त्याच्या दहाव्या हिश्श्याची, साधारण साडेतीन मिलिमीटरची होते. हे गणित दोन्ही भिंगांना सारखेच लागू.

फरक जाणवला तो उन्हाकडे तोंड केल्यावर. जुन्या भिंगातून सगळ्या चित्रावर दुधाळ झाक येते. नव्यात सावल्या अधिक गडद राहतात. ज्यांना ही झाकच हवी असेल, त्यांनी जुने शोधावे. आम्हाला नवे अधिक उपयोगी वाटले. मात्र दोघांची किंमतही सारखीच मोजावी लागते : मागे प्रकाशबिंदूंऐवजी वाळक्या काड्या असल्या, तर तीच तेजस्वी कड प्रत्येक काडीची दुहेरी रेघ करते आणि चित्र त्रासदायक होते.

‘जुन्या काचेची जादू’ हा शब्दप्रयोग मात्र आम्हाला खटकतो. जुन्या रचनाकाराला फुगे नको होते. तीनच काचांत जमेल तेवढी स्पष्टता हवी होती, आणि फुगे हा त्या तडजोडीचा शेष. नव्या रचनाकाराने तो शेषच उद्दिष्ट मानला. यात काही गैर नाही. पण जे काही घडते ते काचेच्या वयामुळे नव्हे, वक्रतेमुळे, हे मुलांना कळले पाहिजे. पाठ्यपुस्तकातला ‘दोष’ हा शब्दही मग तपासता येतो : दोष कोणत्या कामासाठी?

त्यासाठी महाग भिंग नको. खोली अंधारी करा. विजेरीवर बारीक भोकाचा पुठ्ठा लावून ती एका टोकाला ठेवा आणि दुसऱ्या टोकाला वाचनाच्या भिंगाने कागदावर प्रतिमा घ्या. कागद नाभीच्या अलीकडे, भिंगाजवळ आणला की तेजस्वी कडेची चकती दिसेल. पलीकडे नेला की उजळ मध्य आणि विरलेली कड. साधे भिंग ट्रायोप्लानच्या उलट वागते. का, हे सांगण्यापूर्वी मुलांना किरण काढून पाहू द्या.