पुरुषी प्रश्न विचारणारी प्रवासिनी

उत्तर युरोपच्या सफरीवरून परतलेल्या मराठी माणसाच्या टिपणांत काय असावयाचे, हे आता जवळजवळ ठरून गेले आहे. मध्यरात्रीचा सूर्य, कोपनहेगनच्या किनाऱ्यावर खडकावर बसलेली जलकन्या, ऑस्लोच्या उद्यानातील व्हिगेलंडची नग्न शिल्पे, १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेले आणि १९६१ साली पाण्यातून वर काढलेले 'वासा' जहाज, आणि शेवटी तेथील स्वच्छतेशी आपल्या अस्वच्छतेची तुलना. एवढे झाले की लेख पुरा होतो. या टिपणांतील मजकूर खोटा नसतो. परंतु लेखकाच्या जागी दुसरा कोणीही असता तरी त्यात एका ओळीचा फरक पडला नसता, आणि हाच त्यांचा मोठा दोष होय.

या पार्श्वभूमीवर एका जुन्या पुस्तकाची आठवण करून द्यावीशी वाटते. मेरी वुलस्टनक्राफ्ट हे नाव स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन करणाऱ्या तिच्या १७९२ च्या ग्रंथामुळे अनेकांना ठाऊक आहे. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क येथील अल्पकालीन वास्तव्यात लिहिलेली तिची पंचवीस पत्रे १७९६ साली लंडनला प्रसिद्ध झाली; ती मात्र आपल्याकडे फारशी वाचली जात नाहीत. १७९५ च्या उन्हाळ्यात एक वर्षाची मुलगी आणि एक फ्रेंच दासी यांना बरोबर घेऊन ती या प्रवासास निघाली. त्या काळी इंग्रज प्रवासी इटलीला जात. उत्तरेकडे सहसा कोणी फिरकत नसे, स्त्री तर नाहीच नाही.

नवलाची वर्णने तिच्याही पत्रांत आहेत. मध्यरात्री दिव्यावाचून लिहिता येते याचे तिलाही अप्रूप वाटते. भोजनापूर्वी बाजूच्या मेजावर उभ्याने ब्रँडीचा घोट, लोणी-पाव, चीज व कच्चा सामन मासा घ्यावयाचा, आणि मग तासन्‌तास न संपणाऱ्या जेवणास बसावयाचे, ही स्वीडिश रीत तिने मोठ्या गमतीने सांगितली आहे. परंतु ती तेथे थांबत नाही. पहिल्याच मुक्कामी तिच्या यजमानाने तिला सांगितले की, बाईसाहेब, आपण पुरुषांसारखे प्रश्न विचारता! हे पुरुषी प्रश्न कोणते? जमीन कोणाच्या मालकीची, कर किती, मजुरी काय, कायदा कोणाच्या बाजूचा. आपल्या आजच्या प्रवासवर्णनांतून, आणि ती लिहिणारे बहुतेक पुरुषच आहेत, नेमके हेच प्रश्न गळून गेले आहेत.

स्वीडनमध्ये थंडीच्या दिवसांत मोलकरणी नदीच्या बर्फासारख्या पाण्यात कपडे धुतात, त्यांचे हात चिरून रक्त येते, आणि बरोबरीचे पुरुष नोकर मात्र टोपले उचलू लागण्यात कमीपणा मानतात, अशी हकीकत तिच्या कानी आली व ती तिने जशीच्या तशी नोंदविली. नॉर्वेमधील टोन्सबर्ग येथे खाणावळीच्या मालकिणीचे मूल पाजणारी एक तरुण दाई तिला भेटली. तिला वर्षाला १२ डॉलर मिळत आणि त्यांतले १० ती स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या सांभाळासाठी दुसरीस देई. मुलाचा बाप खर्च टाळण्यासाठी पळून गेला होता. सबंध पुस्तकात दोन आकड्यांनी इतके सांगितल्याचे दुसरे स्थळ मला आढळले नाही. याच गावच्या चर्चमध्ये जपून ठेवलेली जुनी प्रेते कौतुकाने दाखवीत. आपला टिपणकार तेथे शतक विचारून वहीत उतरवून घेता. वुलस्टनक्राफ्टला त्या वाळलेल्या देहांची किळस आली, आणि तसे तिने स्पष्ट लिहिले.

मराठीत ही दृष्टी नव्हतीच, असे मात्र नव्हे. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील 'लोकस्थिती'चे पुस्तक १८८९ साली निघाले. त्यातील 'लोकस्थिती' हा शब्दच सांगून जातो की बाई तेथे देखावे पाहण्यास गेल्या नव्हत्या. पुढे ललितरम्यतेच्या नादात प्रवासवर्णनाने ही वाट सोडली. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने १९६० मध्ये वाचकांना मनमुराद हसविले. पण नंतरच्या अनुकरणकारांनी तिच्यातील हसणे तेवढे उचलले, माणसांकडे पाहण्याची नजर उचलली नाही. आणि परदेशापर्यंत कशाला जा? आपण नोकरीनिमित्त परप्रांतात वर्षानुवर्षे राहतो, घरी पत्रे पाठवितो, त्यांत तेथील लोकांच्या खाण्यापिण्याच्या गमती असतात. शेजारच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईस महिना काय मिळतो, हे त्यांपैकी किती पत्रांत येते?

वुलस्टनक्राफ्टचे पुस्तक निर्दोष आहे असे कोणी समजू नये. भाषा येत नसता, किनाऱ्यालगतची काही गावे पाहून तिने सबंध राष्ट्रांविषयी निकाल दिले आहेत. नॉर्वेच्या दूर उत्तरेस ती पोहोचलीच नाही. तरी ऐकीव माहितीवरून तेथे सुवर्णयुग नांदत असल्याचे चित्र तिच्या मनात उभे राहते. उलट आगीने नुकत्याच होरपळलेल्या कोपनहेगनमध्ये तिला जागोजागी स्वार्थ दिसतो. प्रत्येक देश आपल्या देशासारखाच असावा असे वाटणाऱ्याने घरीच बसावे, असे सुनावणारी ही लेखिका डेन व्यापाऱ्यांपाशी येताच आपली तुला हातातून टाकून देते.

याचे कारण पुस्तकात सापडत नाही. ते एका सरकारी अधिकाऱ्याने शोधून काढले. पेर न्यूस्त्रम हे गोथेनबर्ग प्रांताचे १९५० ते १९७१ पर्यंत गव्हर्नर होते, आणि मूळचे इतिहासाचे अभ्यासक. जुनी दप्तरे चाळून त्यांनी १९८० साली दाखवून दिले की ही सफर मुळात एका फौजदारी भानगडीच्या निरवानिरवीसाठी होती. तिच्या मुलीचा बाप गिल्बर्ट इम्ले या अमेरिकन व्यापाऱ्याने इंग्रजांच्या नाकेबंदीतून फ्रान्सची चांदी एका जहाजातून स्वीडनकडे धाडली होती. ती चांदी नाहीशी झाली, आणि नॉर्वेजियन कप्तानाकडून भरपाई मिळविण्यासाठी इम्लेने तिला मुखत्यारपत्र देऊन पाठविले. पुस्तकात चांदीचा उल्लेख नाही, इम्लेचे नाव नाही. पत्रे मात्र त्यालाच उद्देशून आहेत. व्यापारात शिरल्यापासून तुम्ही फार बदललात, असे ती शेवटी शेवटी त्या निनावी वाचकास ऐकवते. हे कळल्यावर कोपनहेगन व हँबर्गची पत्रे पुन्हा वाचावीत. डेन व्यापाऱ्यांवर त्यांत झालेला अन्याय तसाच राहतो, परंतु तो कडवटपणा कोणत्या पत्त्यावर पाठविला होता ते कळते. आणि टोन्सबर्गच्या त्या दाईच्या १२ डॉलरांचा हिशेब लेखिकेने इतका नीट का लिहून ठेवला, तेही.