चुंबकाची कसोटी आणि स्टेनलेस स्टील

जामखेडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानापासून जिन्याचे कठडे करणाऱ्या फॅब्रिकेटरपर्यंत कोठेही विचारा, अस्सल स्टेनलेस स्टील ओळखण्याची एकच रीत बहुधा ऐकायला मिळेल : लोहचुंबक लावा, चिकटला तर माल हलका. पुण्या-मुंबईतही हीच रीत चालते. विज्ञानाच्या तासालाही ती कधीकधी सांगितली जाते, म्हणून येथे तिची दखल घेत आहे. ही कसोटी नुसती अपुरी नाही, ती चुकीची आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे. पोलादात साधारण 10.5 टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजनने तो पुन्हा भरून येतो. चुंबकाला चिकटणे मात्र अणूंच्या मांडणीवर अवलंबून असते. नुसते क्रोमियम मिसळले तर लोखंडाची नेहमीची, घनाच्या मध्यभागी एक अणू असलेली रचना टिकते. हे फेरिटिक स्टेनलेस स्टील. ते चुंबकाला चिकटते. त्यात सुमारे 8 टक्के निकेल घातले की रचना बदलते आणि 304 क्रमांकाचे, न चिकटणारे ऑस्टेनिटिक पोलाद मिळते. म्हणजे चुंबक अणूंच्या मांडणीविषयी उत्तर देतो आणि आपण ते गंजाविषयीचे समजतो.

गंमत पुढेच आहे. निकेल महाग असल्याने त्याऐवजी मँगॅनीज व नायट्रोजन वापरून 200 मालिकेची पोलादे बनतात. तीही चिकटत नाहीत. भारतात खपणाऱ्या त्यांच्या स्वस्त प्रकारांत क्रोमियमही बहुधा 304 पेक्षा कमी असते, त्यामुळे ती लवकर डागाळतात. तरी चुंबकाच्या परीक्षेत ती उत्तीर्ण! आणि 16 ते 18 टक्के क्रोमियम असलेले 430 हे फेरिटिक पोलाद मात्र नापास. शिक्षकांनी 304 च्या खोल भांड्याच्या वळलेल्या कडेला शक्तिशाली चुंबक लावून पाहावा. तेथे किंचित ओढ जाणवेल, कारण पत्रा दाबताना काही भागाची रचना बदललेली असते. एकच भांडे तळाशी अस्सल आणि काठाशी खोटे, असे म्हणायचे काय?

भांड्यापुरते हे हसण्यावारी नेता येईल, बांधकामात नाही. 9 मे 1985 रोजी स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे पोहण्याच्या तलावावरचे काँक्रीटचे छत कोसळून 12 जण दगावले. छत ऑस्टेनिटिक स्टेनलेसच्या सळ्यांनी टांगलेले होते. तलावाच्या हवेतील क्लोराइड आणि सळ्यांवरील ताण यांनी मिळून त्यांना आतून तडे पाडले होते. अशा तड्यांचा धोका फेरिटिक पोलादाला जवळजवळ नसतो. (अर्थात अशा हवेत कमी क्रोमियमच्या फेरिटिकला खड्डे पडतील, तेही तेथे चालले नसते.)

कैच्या आणि छपरांसाठी प्रसरणाचाही विचार हवा. जामखेडच्या हिवाळी पहाटेपासून उन्हाळी दुपारपर्यंत तापमानात 30 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने 10 मीटर लांबीचा फेरिटिक अँगल सुमारे 3 मिलिमीटर वाढेल, साधे पोलाद साडेतीन, तर 304 सुमारे 5. काँक्रीट आणि साध्या पोलादाशी फेरिटिकचे जमते ते यामुळे. शिवाय त्यात निकेल जवळजवळ नाही. 8 मार्च 2022 रोजी लंडनच्या धातुबाजारात निकेल टनाला एक लाख डॉलरवर गेले आणि व्यवहार थांबवावे लागले. अशा धातूवर शाळेच्या शेडचे अंदाजपत्रक कशाला टांगायचे?

आपल्याकडे याचा मोठा वापर रेल्वेने केला. कोळसा वाहणाऱ्या बॉक्सएन-एचएल वाघिणींसाठी सुमारे 11 ते 12 टक्के क्रोमियमचे पोलाद घेतले गेले. ओल्या कोळशातील गंधकामुळे साध्या पोलादाचा पत्रा खाल्ला जातो. अशा पोलादावर तपकिरी झाक येते, पण पत्रा टिकतो. वाघिणीला चकाकी नको असते.

फेरिटिकचे गुणगान करणारे मात्र त्याच्या मर्यादा हळू आवाजात सांगतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचे कण मोठे होतात आणि तेथे पोलाद ठिसूळ होऊ शकते. जाड भागात व थंडीत हा धोका वाढतो. म्हणून त्याचा उपयोग मुख्यतः पातळ पत्रे आणि नळ्या यांत होतो. साध्या पोलादासारखा त्याचा ठळक शरणबिंदूही नसतो, 0.2 टक्के कायम ताण उरवणारा भार प्रमाण मानावा लागतो. आपल्या आयएस 800:2007 संहितेची सूत्रे साध्या पोलादाच्या वागणुकीवर बेतलेली आहेत. युरोपच्या संहितेत स्टेनलेससाठी स्वतंत्र भाग आहे आणि त्यात फेरिटिक प्रकारही येतात.

समुद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, कोरड्या हवेच्या जामखेडमध्ये शेडची कैची किंवा टाकीची शिडी यासाठी ते विचारात घेण्याजोगे आहे. खरेदी करताना बिलावर पोलादाचा क्रमांक लिहून घ्यावा, कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि वेल्डिंग करणाऱ्याला हा क्रमांक आधी दाखवावा. चुंबक प्रयोगशाळेतच राहू द्यावा.