मनोगत कुणाचे?

शाळेत मराठीच्या तासाला ‘आत्मकथन’ नावाचा एक निबंधप्रकार शिकवला जातो. कुणी त्याला आत्मवृत्त म्हणतात, कुणी मनोगत. फाटक्या पुस्तकाचे मनोगत, नदीचे मनोगत, म्हाताऱ्या बैलाचे मनोगत, शेतकऱ्याचे मनोगत, सफाई कामगाराचे मनोगत. हे सारे विषय एकाच माळेत ओवलेले असतात. वस्तू, जनावर आणि माणूस यांत येथे भेद नाही. जे मुके आहे त्याला मुलाने वाचा द्यावी, असा या प्रकाराचा हेतू सांगितला जातो. पुस्तक मुके आहे, हे मान्य. शेतकरी आणि सफाई कामगार मुके आहेत, हे कुणी ठरवले?

एवढ्याशा शालेय निबंधावर त्रैमासिकाची पाने कशाला, असे कुणी विचारील. माझे म्हणणे असे की, सहानुभूती आणि स्वानुभव यांचा जो वाद दलित साहित्याने मराठी समीक्षेत उभा केला, त्याची पहिली इयत्ता याच तासाला भरते. दुसऱ्याच्या वतीने ‘मी’ कसा लिहावा, हे मूल येथे प्रथम शिकते. पुढे तेच मूल लेखक होते, पत्रकार होते, अधिकारी होऊन अहवाल लिहिते.

मी स्वतः आठवीत असताना ‘सफाई कामगाराचे मनोगत’ लिहिले. माझी आई नगरपालिकेत झाडूवाली होती. पहाटे हजेरी, मग मुकादम दाखवील तो रस्ता. हे सारे मला ठाऊक होते. तरीही मी वर्गमित्राचे गाईड मागून आणले आणि त्यातून लिहिले. मी समाजाचा सेवक आहे, शहर स्वच्छ करताना मला धन्यता वाटते, लोकांनी कचरा कुंडीत टाकावा एवढीच माझी नम्र विनंती आहे. गुरुजींनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. घरी मी तो मोठ्या अभिमानाने आईला वाचून दाखवला. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. शेवटी म्हणाली, “ह्ये कोन बोलतंय रं? मी तर न्हाय.” आणि थोड्या वेळाने, “माझ्या खराट्याला दांडा न्हाय, कंबर धरती, त्ये लिवलंस का?”

मी ते लिहिले नव्हते. माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी काहीच विचारले नव्हते.

त्या निबंधात नेमके काय नव्हते, ते आज पाहू. दांडा नसलेला खराटा नव्हता. मुकादम नव्हता. या कामावर पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींचीच माणसे का, हा प्रश्न नव्हता. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या नोकरीने घराला आधार मिळतो आणि त्याच नोकरीने खराटाही वारशाने येतो. आईबापाच्या मनात यावरून काय चालत असेल, हे खरे मनोगत. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ मध्ये झाला, दुसरा २०१३ मध्ये झाला. गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. म्हणजे कायद्यानंतरही माणसे गटारात मरत राहिली. गाईडातला सफाई कामगार मात्र धन्यतेने झाडत राहिला. शोषिताच्या तोंडी समाधान घालणे हे या निबंधप्रकाराचे खरे काम आहे. त्याला कल्पनाशक्तीचा विकास म्हणणे ही फसवणूक आहे.

याची दुसरी बाजूही आहे. आमच्या मुलांना दुसऱ्याच्या जागी उभे राहून लिहायला मुद्दाम शिकवावे लागत नाही. ती ते पहिलीपासून करीत असतात. ‘मामाच्या गावची सुट्टी’ या विषयावर वस्तीतले मूल आमराई आणि झोपाळा लिहिते. त्याचा मामा वीटभट्टीवर असतो, सुट्टीत ते तिथे विटा वाहते, पण वहीत वीटभट्टी येत नाही. म्हणजे त्याच्या वहीतला ‘मी’ सुद्धा परकाच. ज्याला स्वतःचा ‘मी’ लिहू दिलेला नाही, त्याच्याकडून दुसऱ्याचा ‘मी’ लिहवून घेणे हा कसला संस्कार?

प्रस्थापित साहित्यातही हेच घडले. श्री. म. माट्यांच्या एका संग्रहाचे नाव आहे ‘उपेक्षितांचे अंतरंग’. माटे कोरडे सहानुभूतीदार नव्हते. अस्पृश्यतानिवारणाचे काम त्यांनी प्रत्यक्ष केले आणि ‘महार माटे’ ही कुचेष्टाही सोसली. त्यांचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ज्यांचे अंतरंग लिहिले गेले, ते या लेखनाचे वाचक म्हणून कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. अंतरंग एकाचे, ते ऐकून हळहळणारा पांढरपेशा वाचक दुसरा. “हे कोण बोलते आहे?” असे विचारायला त्या बैठकीत कुणी नव्हते. तो प्रश्न पुढे बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ने १९६३ मध्ये आणि दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये विचारला.

मग दुसऱ्याचे मनोगत लिहूच नये काय? असा निष्कर्ष काढणारे आपल्यात आहेत. मला तो मान्य नाही. १८५५ हे साल आठवा. त्या साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्याच साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. मुक्ता स्वतःच्या समाजाच्या वतीने बोलली. जोतीरावांनी कुणबी नवराबायकोला बोलते केले. त्यांची फसवणूक जोशी ग्रहांची भीती घालून कशी करतो, खर्चात कसा पाडतो, हे त्यांनी व्यवहार ठाऊक असलेल्या माणसाच्या बारकाव्याने दाखवले. नाटकाच्या शेवटी ते जोडपे शिकायला निघते. दोन्ही वाटा एकाच चळवळीत एकाच वर्षी खुल्या होत्या. एक दुसरीला पर्याय नव्हती. मुलीला स्वतःचे लिहिण्याइतके शिकवणारा माणूसच दुसऱ्याविषयी जबाबदारीने लिहू शकला, हे येथे ध्यानात घ्यावे.

हा आरसा आपण आपल्यासमोरही धरला पाहिजे. आपल्या पुरुषांच्या आत्मकथनांत आई आली, बहीण आली, बायको आली. त्यांचे मनोगत आपणच सांगितले आणि त्यागमूर्ती म्हणून त्यांना कोपऱ्यात बसवले. पुढे कुमुद पावडे, बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार लिहित्या झाल्या, तेव्हा आपल्याच घरातला मार आणि उपास आपल्याला वाचावा लागला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. जाऊन विचारणे, ऐकणे, मग लिहिणे. मनोगताची खरी रीत हीच आहे.

हीच रीत मी वस्तीतल्या रविवारच्या वर्गात वापरतो. आधी स्वतःचा एक दिवस लिहायचा, घरच्या बोलीत, जसा गेला तसा. मग दुसऱ्या माणसाकडे जायचे. किती वाजता उठता, हातात कोणते अवजार असते, पैसे कोण देतो, दुखते कुठे, हे विचारायचे. मगच ‘मी’ म्हणून लिहायचे. आणि शेवटी ते त्या माणसाला वाचून दाखवायचे. तो म्हणेल ते दुरुस्त करायचे.

एका मुलाने बहिणीचे मनोगत लिहिले. पहिलेच वाक्य होते, “मी पहाटे चारला नळावर जाण्यासाठी उठते.” बहिणीने ऐकले आणि म्हणाली, “उठते न्हाय. उठवत्यात. तुला का न्हाई उठवत, त्ये बी लिही.” मुलगा दोन रविवार वर्गात आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो निबंध नव्याने लिहून. तो शाळेत दाखवला असता तर गुण कमीच मिळाले असते. त्यात धन्यता नव्हती, उपमा नव्हती.

शिक्षक मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. परीक्षेत आत्मकथन राहील तोवर ते शिकवावे लागेल. शिकवा. पण ज्याचे मनोगत लिहिले त्याने ते ऐकले काय, आणि ऐकून तो काय म्हणाला, हे विचारल्याशिवाय त्या वहीवर गुण देऊ नका. माझ्या आठवीच्या वहीला मिळालेले गुण मला अजून परत करता आलेले नाहीत.