इश्काच्या बाजूने, अक्लेच्याही

पनवेलच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही सिराज औरंगाबादी शिकवतो. अठराव्या शतकातील या दखनी शायराची सर्वांत गाजलेली गझल सांगते की, इश्क आले की अक्ल निकामी होते. आम्ही ती रंगून शिकवली. दोन वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थिनी भेटली. शिक्षण सुटलेले, नवऱ्याचा मार नित्याचा. म्हणाली, "इश्क में हिसाब नहीं होता, आप ही ने तो पढाया था." तेव्हापासून ही गझल आम्ही पुन्हा वाचत आहोत.

प्रेमाविषयीच्या समजुती मानसशास्त्रानेही तपासल्या आहेत. सुसान स्प्रेचर आणि सँड्रा मेट्स यांनी १९८९ साली अशा चार समजुती मोजणारी प्रश्नावली मांडली : खरा जोडीदार एकच असतो, प्रेम पहिल्या नजरेत होते, ते निर्दोष असते आणि ते प्रत्येक अडथळा पार करते. आमच्या मुली गझलेतून नेमके हेच उचलतात. सीमोर एपस्टाइन यांनी विचाराच्या दोन पद्धती सांगितल्या, तर्काची आणि अनुभव-भावनेची. त्यांच्या मते एकाच माणसात दोन्ही सोबत चालतात. एक आली म्हणून दुसरी जात नाही.

सिराज याचेच उदाहरण आहेत. तरुणपणी ते उन्मनी अवस्थेत खुलदाबादच्या दर्ग्याभोवती भटकले. पण त्याच सिराजनी फारसी शायरांच्या दिवाणांतून वेचेही काढले. ते काम बेहोशीत होत नाही. रदीफ-काफिया सांभाळणेही हिशेबाचेच काम. त्यांच्या गझलेतील इश्क सूफींचे, स्वतःचा 'मी' विरघळवणारे. ते संसाराचा सल्ला नव्हे, एवढे वर्गात सांगायचे आमच्याकडून राहून गेले.

मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून स्त्री-पुरुष संबंध बुद्धीच्या उजेडात आणले. त्यात विस्मयाला जागा थोडी, पण स्त्रीच्या स्वतंत्र इच्छेला पुरेपूर.

आमच्या घरांत तर दोन्ही वारसे नांदतात. गझल म्हणते, स्वतःला विसर. निकाह हा मात्र करार आहे : साक्षीदार हवेत, मेहर ठरायला हवा, 'कबूल' मनापासून यायला हवे. म्हणजे इश्काच्या दारातच अक्लेची जागा राखलेली आहे. सिराज आम्ही यंदाही शिकवू. फक्त त्याच तासाला निकाहनामाही वाचून दाखवू.