'ताठ बसा' या सल्ल्याचे परीक्षण

गेल्या हिवाळ्यात विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याला गेलो होतो. शिबिरातील पुष्कळ शिक्षक मेहकर किंवा चिखलीहून अप-डाऊन करणारे. चौघांत मिळून एक गाडी, आणि ती चालवणारा बहुधा ठरलेलाच. जेवणाच्या सुट्टीत बोलणे कमरेवर आले, तेव्हा अशा एका गुरुजींनी खिशातून घडी घातलेले माहितीपत्रक काढले. वाहनचालकांच्या पाठदुखीवर त्यात चार सूचना होत्या: ताठ बसा, पाठ आणि मांड्या यांत ९० अंशांचा कोन ठेवा, आसनावर जाड, मऊ गादी घाला, शरीर हलू देऊ नका. वर्षभर हे सारे पाळूनही दुखणे वाढलेच, असे ते म्हणाले. "माझंच काहीतरी चुकत असेल, सर," ही त्यांची पुस्ती आम्हांला खटकली. म्हणून चूक गुरुजींची की पत्रकाची, हे पाहू.

प्रथम ९० अंशांचा कोन. मांडी इतकी दुमडली आणि पाय पुढे पसरले की मांडीमागचे स्नायू ताणले जातात. ते श्रोणीला, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याला, मागे फिरवतात. परिणामी कमरेचा पुढे वळलेला नैसर्गिक बाक सपाट होतो. अमेरिकेतील कीगन यांनी १९५३ साली क्ष-किरण चित्रांवरून हे दाखवले होते. १७२४ साली साखरखेर्ड्याला निजामाची मोठी लढाई झाली. तीत आलेला घोडेस्वार पाठीला टेकू नसताना ताठ बसत असणार, कारण खोगिरावर मांड्या खाली उतरत्या राहतात. मोटारीच्या आसनावर त्याचे अनुकरण करता येत नाही.

आता ताठपणा. स्वीडनमधील नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीत सुई घालून दाब मोजला. उभे असतानाचा दाब १०० मानला, तर टेकू न घेता बसल्यावर तो सुमारे १४० भरला. या आकड्याचा प्रचार फार झाला. जर्मनीतील विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली चकतीत संवेदक बसवून पुन्हा मोजमाप केले, तेव्हा उभे असताना ०.५ मेगापास्कल, सैल बसल्यावर ०.४६, मुद्दाम ताठ बसल्यावर ०.५५, तर खुर्चीत रेलल्यावर अवघा ०.२७ मेगापास्कल दाब आढळला. मोजमाप एकाच व्यक्तीवरचे आहे आणि दाब म्हणजे वेदना नव्हे, हे मान्य. तरीही ताठ बसल्याने चकतीला विसावा मिळतो, असे या आकड्यांतून निघत नाही. गाडी चालवताना पाठ थोडी मागे, सुमारे १०० ते ११० अंशांवर, टेकलेली असावी आणि कमरेच्या पोकळीत आधार असावा. गुंडाळलेला टॉवेलही त्यासाठी चालतो.

पत्रकात नेमकी मुख्य गोष्ट नाही, ती म्हणजे कंपने. नुसत्या बसण्याने पाठदुखीचा धोका वाढत नाही. बसण्याला कंपनांची किंवा अवघडलेल्या स्थितीची जोड मिळाली की वाढतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात दिसून आले. बसलेले शरीर उभ्या दिशेत सुमारे ४ ते ६ हर्ट्झला सर्वांत जास्त डोलते. हे अनुस्पंदन वर्गात दाखवता येते. स्प्रिंगला वजन टांगा. स्प्रिंग १ सेंटिमीटर ताणली गेली, तर वजन सेकंदाला सुमारे ५ वेळा खालीवर होते. ४ सेंटिमीटर ताणली गेली, तर अडीच वेळा. आता वरचे टोक हातात धरून त्याच लयीत किंचित हलवा. हात जेमतेम हलतो आणि वजन थयथयाट करते.

गाडीत हीच स्प्रिंग म्हणजे आसनातला फोम. माणूस बसलेल्या फोमच्या आसनाचे अनुस्पंदन साधारण ४ हर्ट्झच्या आसपास असते. त्याहून बऱ्याच जलद कंपनांना फोम अडवतो, पण ४ हर्ट्झजवळची कंपने तो कमी करण्याऐवजी वाढवतो! म्हणजे बोटाला मऊ लागणारी गादी पाठीला मऊ लागेलच असे नाही. शिवाय जाड गादीने माणूस वर उचलला जातो आणि पाठीचा व डोक्याचा आधार जागचा सुटतो. रस्त्यावर दर २ मीटरवर उंचवटा असेल आणि गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर जात असेल, तर ५ हर्ट्झचे हादरे बसतात. वेग निम्मा केला की अडीच हर्ट्झ. गुरुजींना हे गणित फार आवडले. त्यांच्या वाटेवरच्या एका तुकड्याचे मोजमाप मुलांकडून करून घेऊ म्हणाले.

'शरीर हलू देऊ नका' ही सूचना तर उलटीच आहे. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. पोषणद्रव्ये तिच्यात विसरणाने झिरपतात. स्नायूही एकाच स्थितीत थकतात. अर्ध्यापाऊण तासाने टेकू किंचित बदलावा, शक्य तेथे उतरून चार पावले चालावे. उतरल्याबरोबर प्रयोगसाहित्याची पेटी उचलू नये, हेही पत्रकात हवे होते. पायात बधिरपणा किंवा लघवीवर ताबा न राहणे यांसारखी लक्षणे दिसल्यास टॉवेल पुरत नाही, तातडीने डॉक्टर गाठावा, हे तर हवेच होते.

दोष एकट्या पत्रकाचाही नाही. आसनांची मापे ज्या प्रमाणपुतळ्याने घेतली जातात, त्याचा धडाचा आकार मुळात मध्यम बांध्याच्या अमेरिकन पुरुषाचा आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. अशा बाईंनी पाठ टेकवली तर आसनाची कड गुडघ्यामागे रुतते, आणि कड टाळायला पुढे सरकल्या तर पाठ सुटते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली भारतीय शरीरमापांचा संग्रह पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. माहिती हाताशी आहे; तरी स्वस्त गाड्यांत कमरेचा आधार कमीजास्त करण्याची सोय क्वचितच दिसते.

जाताजाता एक. पत्रकावरच्या चित्रातील चालक गुडघ्यांपर्यंतच दाखवला आहे. क्लच पूर्ण दाबल्यावर त्याचा गुडघा थोडा वाकलेला राहतो की कंबर आसनावरून सुटते, ते पाहायला चित्रात पायच नाहीत. परतताना गुरुजींनी आसन तीन खाचा पुढे घेतले.