जुनं ते सोनं, पण कुणाच्या तिजोरीत?

१९५९ साली अमेरिकेत आर्ट लॅबो नावाच्या रेडिओवाल्यानं 'ओल्डीज बट गुडीज' नावाची तबकडी काढली. वेगवेगळ्या कंपन्यांची गाजलेली गाणी एकाच तबकडीवर. आपल्या 'जुनं ते सोनं'सारखाच मथळा. पण त्यातली कितीतरी गाणी तेव्हा चार-पाच वर्षांचीच होती. एवढ्यात ती जुनी कशी झाली? चार-पाच वर्षांत घाम वाळला, आणि बाजारानं त्याचं अत्तर करून बाटलीत भरलं. तेव्हापासून असे संच निघतायत. आठवणींचा धंदा जोरात चाललाय.

हे संगीत कुणाचं? अमेरिकेतल्या काळ्यांचं. 'बिलबोर्ड' नावाचं गाण्यांच्या धंद्याचं नियतकालिक आहे. १९४९ पर्यंत त्यात काळ्यांच्या तबकड्यांची यादी वेगळी छापली जायची, 'रेस रेकॉर्ड्स' या नावानं. म्हंजे गाण्यालासुद्धा गावकुसाबाहेर जागा. १९४९ साली जेरी वेक्सलर या तिथल्या गोऱ्या पत्रकारानं सुचवलेलं नाव लागलं : 'रिदम अँड ब्लूज'. नाव बदललं, यादी वेगळीच राहिली. आपल्याला हे नवं नाही. आपल्याला 'हरिजन' म्हटलं गेलं तेव्हा कुठल्या गावाची विहीर खुली झाली?

पुढं हाच वेक्सलर अटलांटिक कंपनीत भागीदार झाला. या कंपनीनं १९८५ साली 'अटलांटिक रिदम अँड ब्लूज १९४७-१९७४' हा मोठा संच काढला. दोन-दोन तबकड्यांचे सात भाग. मी त्याला नावं ठेवणार नाही. गाणी सालवार लावलीत, आणि सालवार ऐकलं की खोटा इतिहास आपोआप उघडा पडतो. १९५४ चं जो टर्नरचं 'शेक, रॅटल अँड रोल' ऐका. हा माणूस कॅन्सस सिटीत दारूच्या गुत्त्यावर ग्लास भरता भरता गायचा. आवाज असा, की भोंग्याची गरज नाही. तेच गाणं त्याच वर्षी गोऱ्या बिल हेलीनं शब्द धुऊन-पुसून गायलं, आणि रॉक अँड रोलचा बाप म्हणून जग त्याला ओळखायला लागलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या काळ्या पोरांच्या 'द कॉर्ड्स'चं 'श-बूम' त्याच सालचं. ते 'क्रू कट्स' या गोऱ्या टोळीनं उचललं आणि पहिल्या नंबरावर नेलं. संच ऐकला की कळतं, मूळ कुणाचं आणि नक्कल कुणाची. एवढी साक्ष तो देतो.

पण साक्षीदार अर्धंच बोलतो. लाव्हर्न बेकरचं 'ट्वीडली डी' जॉर्जिया गिब्ज या गोरीनं जवळजवळ वाद्यासकट, ठेक्यासकट उतरवलं आणि जास्त खपवलं. बेकर रडत बसली नाही. १९५५ साली तिनं डेट्रॉइटचे काळे खासदार चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहिलं : १९०९ चा कॉपीराइटचा कायदा बदला, गाण्याच्या मांडणीलाही संरक्षण द्या. कायदा हलला नाही. गाणारी बाई थेट कायद्याला हात घालते, ही गोष्ट बाबासाहेबांच्या लेकरांना माहीत पाहिजे. 'गोड जुन्या आठवणी' म्हणून विकणारा ती सांगणार नाही.

आता रूथ ब्राऊन. व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथची. बाप गोदीत कामाला. तिचं 'टीअरड्रॉप्स फ्रॉम माय आईज' १९५० साली त्या वेगळ्या यादीत अकरा आठवडे पहिलं होतं. ओळीच्या शेवटी तिचा आवाज एकदम वर उडतो, चिरकतो. हुंदका आणि चेष्टा एकदम. अटलांटिकला लोक 'रूथनं बांधलेलं घर' म्हणत. घर बांधणारीला घरात जागा नव्हती. साठीच्या दशकात तिनं लोकांकडं धुणीभांडी केली, शाळेची बस चालवली. तिची गाणी परत परत छापली जात होती, आणि तिच्या हातात काही पडत नव्हतं.

का? हिशेब समजून घ्या. स्टुडिओचं भाडं, वाजवणाऱ्यांची मजुरी, सगळं गाणाऱ्याच्या नावावर उधार. ती उधारी तिच्याच वाट्याच्या पैशातून फिटायची. फिटेपर्यंत छदाम नाही. वही कंपनीकडं, आकडे कंपनीचे. सावकाराची वही अशीच असते, मुद्दल कधी फिटत नाही. हॉवेल बेगल या वकिलाला घेऊन ती वर्षानुवर्षं भांडली. १९८८ मध्ये अटलांटिकनं तिच्यासकट अनेक जुन्या कलावंतांची ती 'उधारी' माफ केली, मागची थकबाकी द्यायचं कबूल केलं आणि 'रिदम अँड ब्लूज फाउंडेशन'ला पैसा दिला. माफ केली म्हणे! कुणी कुणाला माफ करायचं?

मी गिरणीत साच्यावर काम करतो. थानावर शिक्का गिरणीचा पडतो, विणणाऱ्याचं नाव कुठंच नाही. म्हणून मला तबकडीच्या कव्हरची मागची बाजू आधी वाचायची खोड. गाणं कुणी लिहिलं, कुणी गायलं, कुणी वाजवलं, कुठल्या साली. आता गाणी मोबाईलवर वाजतात आणि मागची बाजूच गेली. गाणं उरलं, माणसं गळाली.

काही कार्यकर्ते म्हणतील, अमेरिकेच्या नाचगाण्याचं आपल्याला काय? १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेऊन. आपण त्यांचा राग घेतला, त्यांच्या कविता वाचल्या. त्यांचा हिशेबही वाचला पाहिजे. लाव्हर्न बेकरचं पत्र आणि रूथ ब्राऊनची थकबाकी हेही विद्रोहाचंच साहित्य आहे.

आणि आपल्याकडंही बघा. भीमगीतांचे संग्रह निघतात. वर मोठा फोटो, खाली कंपनीचं नाव. गीत रचणारा शाहीर कोण, ढोलकीवर कोण, कोरसमधल्या बाया कोण, पैसे कुणाला मिळाले? पुढच्या जयंतीला वस्तीत गाणी वाजतील तेव्हा प्रत्येक शाखेनं एक वही घालावी. गाणं, रचणारा, गाणारा, वाजवणारा, साल, गाव. म्हातारे जिवंत आहेत तोवर विचारून घ्या. ती वही आपल्याकडं राहू द्या, कंपनीकडं नको.

जयभीम.